चौथा कप्पा

ता. १४, मंगळवार
सकाळी साडेदहा

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावामागे ‘सौ.’ लिहायला मला तीन वर्षं लागली. तुझं दुसरं लग्न झाल्यापासून मी तुला पत्र लिहिलं नाही, त्याचं एक कारण हे एवढंसं अक्षर होतं. आज लिहून टाकलं. तुझे यजमान बरे असतील. चिंगीचा पुढचा दात पडल्याचं तुझ्या आईकडून कळलं. नवा येईपर्यंत तिला हसायला सांगा, नंतर एवढी मजा येत नाही.

तू जे मागितलं होतंस, त्याबद्दल लिहायलाच हा कागद घेतलाय. पण आधी इकडचं सांगते, नाहीतर माझी गाडी पुढे सरकायची नाही.

माझे गुडघे होते तिथेच आहेत आणि होते तेवढेच कुरकुरतात. शेजारणीने जिन्यात पुन्हा कुंड्या मांडल्यात. मी पुन्हा भांडले, तिने पुन्हा ऐकलं नाही. दोघींचा वेळ बरा जातो.

मोठी बातमी म्हणजे मी कॉम्प्युटरला नवी हार्ड डिस्क बसवली. हसू नकोस. तोच जुना कॉम्प्युटर, बंडूने स्वतः जुळवलेला. बंडू गेल्यावर पाच वर्षं त्याने बिनतक्रार काम केलं आणि यंदा टकटक करायला लागला. आधी वाटलं शेजारीण भिंतीत खिळे ठोकतेय. त्यावरूनही एक भांडण होऊन गेलं. मग कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंना बोलावलं. त्यांना मी डॉक्टरीण म्हणते, कारण त्याही कान लावून ऐकतात आणि आधी नुसती मान हलवतात.

त्या म्हणाल्या, “आजी, ही डिस्क चालली. नवी घ्या, आणि जुनीतलं जे जिवापाड जपलंय ते आधी काढून घ्या. किती तास टिकेल, मी सांगू शकत नाही. दुकानात आणता का? मी करून देते.”

मी म्हटलं, घरचं मी घरीच करीन. तुम्ही फोनवर सांगा फक्त.

तर ऐक. बाजूच्या झाकणाचे दोन स्क्रू काढले. आत एवढी धूळ होती की मला माझीच लाज वाटली. डिस्क खाचेत सरकवली, दोन वायरी जोडल्या, एक विजेची आणि एक माहिती ने-आण करायची. डॉक्टरीण म्हणाल्या होत्या, वायर उलटी बसतच नाही, तेव्हा जोर लावू नका. मी लावला. मग सुलटी करून बसवली. कॉम्प्युटर सुरू केला तर पडद्यावर नवी डिस्क म्हणजे नुसती एक लांब काळी पट्टी, तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं की ही जागा अजून कुणाला दिलेली नाही. तिचे कप्पे पाडायचे, प्रत्येकाला किती जागा ते आकड्यात सांगायचं आणि नाव द्यायचं. पहिला कप्पा कॉम्प्युटरचा स्वतःचा. दुसरा ‘घर’, तिसरा ‘आई’, चौथा ‘माझं’. जुन्या डिस्कवर बंडूने हीच नावं ठेवली होती, मी एकही बदललं नाही. ‘माझं’ सगळ्यांत मोठा केला, जवळजवळ अर्धी डिस्क. काळी पट्टी जाऊन चार निळ्या पट्ट्या दिसल्या तेव्हा मी लगेच दुकानात फोन लावला. डॉक्टरीण म्हणाल्या, “आजी, पास झालात. आता कॉपी करायला घ्या. मुलाचं आधी.”

(दुपारी)

इथे पेन खाली ठेवलं होतं. कपडे वाळत घातले. जे वाळलेलेच होते तेही पुन्हा घातले. आता दोन वाजलेत आणि घरात करण्यासारखं काही राहिलेलं नाही.

‘माझं’मध्ये काय होतं ते तुला माहीत आहे. चिंगी दीड वर्षाची होईपर्यंत बंडूने तिच्याबरोबर केलेला पोरकटपणा, सतरा व्हिडिओ. तिच्या पायाची बोटं मोजायची, दर वेळी मुद्दाम नऊच मोजायची, आणि मग दहावं बोट सगळ्या घरभर शोधत हिंडायचं. तुझ्या फोनवरचे फोनबरोबर गेले. इथले तेवढे राहिले होते.

तू मला तीनदा मागितलेस. पहिल्यांदा फोनवर म्हणालीस, “आई, चिंगी विचारते, पहिल्या बाबांचा आवाज कसा होता? मला पाठवाल का?” मी म्हटलं, “ऐकायचाय तर इथे येऊन ऐका. तो आवाज या घरातला आहे.” दुसऱ्यांदा तू पुन्हा तेच विचारलंस आणि मी फोन ठेवला. तिसऱ्यांदा तू पेन ड्राइव्ह पाठवलास आणि सोबत तुझा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट, म्हणजे मला काही त्रास नको. एक वर्ष झालं, दोन्ही माझ्या टेबलाच्या खणात आहेत.

सगळ्यांना वाटतं, तू लग्न केलंस म्हणून मी अडून बसले. राग होता, नाही कशाला म्हणू? चिंगी दुसऱ्या माणसाला बाबा म्हणते हे कळलं त्या दिवशी मी जेवले नाही. पण व्हिडिओ त्यासाठी अडवले नव्हते. ते पाठवले असते तर तुम्हांला इथे यायचं काही कारणच उरलं नसतं. माझ्यासाठी कोण येणार होतं? पोटच्या पोराच्या आवाजाचं आमिष लावून मी नातीची वाट बघत बसले होते.

आता त्या दिवसाचं सांगते.

रेकॉर्ड विभागात मी एकतीस वर्षं काढली. दप्तर हलवायचं ते पहिल्या कपाटापासून, आणि एक कपाट संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. अशा दोन इमारती मी रिकाम्या केल्या, एक कागद गहाळ झाला नाही. तेव्हा मी आधी ‘घर’ घेतलं. विजेची बिलं आणि कुंड्यांबद्दलचे तक्रार अर्ज. मग ‘आई’. त्यात काय होतं सांगू? निवृत्त होताना उचलून आणलेल्या ऑफिसच्या याद्या, एकेक परिपत्रक सहा-सहा वेळा. कुणी कधी उघडून बघणार नाही असं सगळं. ते एकेक करत नव्या डिस्कवर चाललं होतं आणि मी समोर खुर्ची टाकून बसले होते, पूर्वी हमालांवर नजर ठेवायची तशी.

डॉक्टरिणीचा फोन आला. “मुलाचं निघालं ना, आजी?”

“रांगेत आहे.”

त्या म्हणाल्या, “रांग मोडा, आजी. ऐका माझं.”

मी म्हटलं, “क्रम तुम्ही मला शिकवू नका.”

सव्वा वाजता टकटक बंद झाली. मला वाटलं, चला, सुधारली. किती कॉपी झालं ते दाखवणारी पडद्यावरची हिरवी रेघ मात्र एका जागी उभी राहिली ती राहिलीच. मग जुन्या डिस्कचे कप्पे एकदम दिसेनासे झाले. मी कॉम्प्युटर बंद केला, सुरू केला, पुन्हा बंद केला. त्याच्यावर हात फिरवला. त्याला नावं ठेवली, मग त्याचीच गयावया केली.

गेलं, सूनबाई. सगळं गेलं. डॉक्टरिणीने डिस्क नेली, नंतर त्यांच्या दुकानाहून मोठ्या ठिकाणी पाठवली. तीन आठवड्यांनी, म्हणजे काल ती परत आली. आतली तबकडी खरवडली गेलीय. सतरातला एकही निघत नाही. माझी परिपत्रकं मात्र सुखरूप आहेत.

क्रमाचं वर लिहिलं ते खरं आहे, पण अर्धंच. ते व्हिडिओ मीही कधी बघितले नव्हते. पाच वर्षांत एकदाही नाही. ‘माझं’वर बोट नेलं की मी कॉम्प्युटरच बंद करून उठायचे. म्हणून ते शेवटी ठेवलं. म्हटलं, तोवर धीर गोळा होईल. तुला ऐकू दिलं नाही, चिंगीला ऐकू दिलं नाही आणि मी स्वतः ऐकलं नाही. माझं लेकरू पाच वर्षं या घरात होतं आणि मी त्याला तोंड उघडू दिलं नाही.

‘मला क्षमा कर’ असं वर एकदा लिहून खोडलंय. तू करशीलही, तुझा स्वभावच तसा. पण त्याने चिंगीला काय मिळणार? तिच्याशी खोटं बोलू नकोस. आजीने वेळेवर दिलं नाही म्हणून गेलं, असंच सांग. चिडू दे तिला माझ्यावर.

त्याचा आवाज कसा होता ते तिच्यासाठी लिहून पाठवावं म्हणून सकाळी बसले होते. ‘भरदार’ लिहिलं, तर तसा तो नव्हता. ‘गोड’ तर मुळीच नव्हता, तो गायला लागला की तू हसत खोलीबाहेर पळायचीस. माझ्या कानात अजून आहे. कागदावर काही केल्या उतरत नाही.

आता तुम्हांला बोलावायला माझ्याकडे काहीसुद्धा नाही. जे होतं ते अडवून धरलं आणि माझ्याच हाताने घालवलं. इथे आलात तर एक म्हातारी, तिची कुरकुर आणि जिन्यातल्या कुंड्या, एवढंच बघायला मिळेल. तरी विचारते. इतकी वर्षं अटी घातल्या, सरळ असं कधी विचारलंच नाही.

नुसतं भेटायला याल का गं?

बंडूची आई,
आणि तू लिहू दिलंस तर चिंगीची आजी