सासूच्या दुकानावर

गोरेगाव, बाजाराचा दिवस, संध्याकाळ

काय गरज होती मला तोंड उघडायची?

वांगी घेत होते. विकणारी शेवंताबाई, म्हणजे सुनीताची सासू. त्याच सुनीताची, जी परवा आमच्या दवाखान्यात येऊन गर्भपात करून गेली. तिला मीच समजावलं होतं, "कायद्यानं तुझी एकटीची संमती पुरे. नवऱ्याला विचारायची गरज नाही. इथलं बाहेर जात नाही." तरी जाताना दोनदा म्हणाली, "कोनाले सांगू नका, सिस्टर."

आणि आज मी शेवंताबाईला काय सांगावं? "सुनेला चार दिवस भाताच्या रोवणीला पाठवू नको."

"काऊन? काय झालं तिले?"

"अशक्तपणा आहे." पण चेहरा? तो कुठं लपवू? तिनं तराजू खाली ठेवला.

"तुमच्या दवाखान्यात आली होती का थे?"

मी पैसे टेकवले आणि वांगी घेऊन निघाले. साधं 'नाही' म्हणायचं होतं. काळजी म्हणे! नर्स म्हणवते स्वतःला.

वांगी घरी ओट्यावर तशीच पडलीत. हात लावावासा वाटत नाही.

सुनीताला सावध करायला हवं. पण त्या घरात फोन एकच, आणि तो शेवंताबाईच्या कमरेला असतो.