वडिलांचा रकाना

ता. ४ जुलै

ती. बाबांस सा. न.

शिष्यवृत्ती मिळाली! बारावीपर्यंत वसतिगृह, पुस्तकं आणि दर शनिवारी ताईंची शिकवणी. ताई म्हणजे माझ्या मार्गदर्शक, प्रयोगशाळेत संशोधन करतात. जांभळ्या रंगात सोडा पडला की तो हिरवा होतो, हे तुमच्या कारखान्यातल्या रंगाच्या हौदापाशी शिकलेलं मुलाखतीत करून दाखवलं. सगळे बघतच राहिले.

एक सांगायचंय. एकच जागा उरली होती, तीही वडील नसलेल्या मुलीसाठी. ताईंनी अर्जात तुमच्या रकान्यात ‘हयात नाहीत’ असं लिहिलं. रागावू नका. आईला तुम्हीच सांगा.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची बिट्टी

ता. ११ जुलै

चि. बिट्टीस अनेक आशीर्वाद.

मेलेल्याचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस! आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, मग तुझा स्वेटर विणायला बसली. मी रंगारी माणूस, जन्मभर कापडाचा रंग बदलला; कागदावर माझा बदलला तर काय बिघडलं? शिष्यवृत्तीच्या समारंभाला मात्र येणार. काका म्हणून मागे बसेन. पोटभर जेव.

तुझाच,
बाबा (अजून श्वास चालू)

ता. २ ऑगस्ट

ती. बाबांस सा. न.

तुम्ही कमालच केलीत. पुस्तकं हिसकावणारा बाप सांगितला तर सभागृह हलेल, असं ताईंनी दारात सुचवलं काय आणि तुम्ही माइकवर तसंच बोललात काय! माझा भाऊ पोरीची पुस्तकं भट्टीत घालायचा, तो गेला आणि तिचं नशीब उघडलं, असं म्हणालात. केवढ्या टाळ्या! मीही वाजवल्या. तेव्हा तुम्ही माझ्याकडे असे का बघत होतात?

आता शिष्यवृत्ती निधीचे विश्वस्त दोन वर्षं कुठल्याही रविवारी न कळवता घर बघायला येणार. तुमचे सदरे दोरीवरून काढा. तुम्ही कारखान्यातच राहिलात तर बरं.

आशीर्वाद असू द्या.
बिट्टी

ता. २० ऑगस्ट

चि. बिट्टीस अनेक आशीर्वाद.

हौदांमागे पथारी टाकली आहे. वासानं खोकला येतो, पण सवय होईल. आई फाटकापर्यंत डबा आणते. परवा विश्वस्त आले तेव्हा मी घरासमोरच्या दुकानात उभा होतो. तुझा बाप चांगला माणूस होता, असं आईनं त्यांना सांगितलं. बाई अजून नवऱ्याच्या धाकात आहे, अशी त्यांनी नोंद केली म्हणे. आम्ही दोघं खूप हसलो. मग आई रडली.

सुट्टीत येशील ना? दोन ओळी तरी लिही.

तुझीच वाट बघणारा,
बाबा

ता. १ ऑक्टोबर

ती. काकांस सा. न.

पत्रं वसतिगृहाच्या अधीक्षिका उघडतात, म्हणून असंच लिहीन. माझ्या निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं. पुस्तकं जाळणाऱ्या वडिलांवर लिहिला. कुठलं पुस्तक, कव्हर कसं वळलं, धूर कुठून गेला, सगळं आपोआप सुचत गेलं. तो निधीच्या अहवालात छापणार आहेत.

सुट्टीत प्रयोगशाळेत काम आहे, येणार नाही. काल ताईंनी सहज विचारलं, वडिलांची आठवण येते का. मी नाही म्हणाले. खोटं बोलावं लागलं नाही.

काकूंना नमस्कार. कृपा राहू द्यावी.
आपली पुतणी