बेवा पाहुणी चौदा तारखेला येते आहे

पनवेल, ४ नोव्हेंबर २००८

अजीज शाहीद यास मामूचा सलाम आणि भरपूर दुआ.

खारघरला तू आणि सूनबाई अरीबा खुशाल असाल, तुमची लिफ्टही चालू झाली असेल. इकडे तुझी मामी हव्वाबी ठीक आहे. मी ठीक नाही. तू ईदला बसवून दिलेला कॉम्प्युटर गोधडीखाली झाकून ठेवलाय, आणि त्या खोलीत जायची मला भीती वाटते, म्हणून हे कागदावर लिहितोय.

तुझ्या मामूने कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली. आलेल्या कागदाला उत्तर गेलं नाही, असं कधी झालं नाही. (साहेबांनी टोपलीत फेकलेल्या अर्जांनाही मी पोच दिलेली आहे.) मेललाही तोच नियम लावला. बारीक होण्याच्या गोळ्यावाल्यांना जावक क्रमांक घालून कळवलं, की गरज मामीला आहे, पण तिला विचारायची माझी छाती नाही. एकाला उत्तर दिलं की त्याचे दहा भाऊबंद लिहू लागत. मला वाटलं, माणसं कदर करताहेत.

मग परदेशातल्या एका बेवा बाईंचं पत्र आलं. खाविंद वारले, आजार बळावला, मूलबाळ नाही, सगळा पैसा माझ्या नावावर करायचाय म्हणे. बेवेचा पैसा खाऊन दोजखात जाऊ? साफ नाकारला. पण मातमपुर्सी, म्हणजे सांत्वनाचे दोन शब्द, तर करायला हवी! रीतीप्रमाणे शेवटी लिहिलं, कधी पनवेलला आलात तर घरी या.

काल उत्तर आलं. चौदा तारखेला येते, सोबत वकील आहे, पासपोर्टची नक्कल पाठवा. वर मला 'डिअरेस्ट' म्हणते! शाहीद, दारात रिक्षा थांबली तरी मी मागच्या दाराकडे पळतो. मामीला काय सांगू?

तुझा घाबरलेला मामू,
अब्दुल्ला

ता. क. पासपोर्ट पाठवलेला नाही. पत्ता पाठवला. तो तुझा आहे. (आजारी बाई, लिफ्ट बरी.)

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी मामीने हे वाचलं. भांडली नाही, तेच भयंकर. म्हणाली, "येवढी लांबनं बेवा बाय येते, नि तुमी तिला दुसऱ्याच्या घरी धाडता? शरम नाय?" नवी चादर काढली, सांदणांचे तांदूळ निवडायला बसली, शेजारीही सांगून आली. आमची लेक जिक्रा सासरी गेल्यापासून तिला इतकं खूश पाहिलं नव्हतं. आता मला भीती वाटते ती कुणीच न येण्याची. तेव्हा बाईंच्या नावाने तूच एक मेल धाड, की तब्येत सुधारली, येणं रद्द, हव्वाबी बहिणीला सलाम. मी तो मामीला वाचून दाखवेन. ती उत्तर लिहायला लावणारच, म्हणजे पुढची पत्रंही तुलाच लिहावी लागतील.