आत्या नाशिकला नाही

तारापूर, १९६७

प्रिय पुष्पाआत्या,

तर शेवटी मी शेजारच्या येसूबाईला खरं सांगूनच टाकलं. डॉक्टर तुला घरी न्या म्हणतात, पण लोक काय म्हणतील म्हणून पप्पा थांबलेत. तू नाशिकला आहेस, असं ते सगळ्यांना सांगतात. मी म्हटलं, आत्या मेंटल हॉस्पिटलमध्ये आहे, आता बरी झालीय.

येसूबाई बांबूवर बोंबील सुकायला टांगतच राहिली. "आमाला ठाव हाय गो. तिचे सुकवायचे बांबू आमी कोनाला दिले नाय."

"मग कुणी बोलत का नाही?"

"तुजा बापूस एवढा लपवतो, त्याला कशाला लाजवायचं?"

पत्रं पप्पाच पोस्टात टाकतात, म्हणून हे माझ्याकडेच राहील. पण तुला काय वाटतं आत्या, गावाला माहीत आहे हे मी पप्पांना सांगू का?

तुझीच,
हेमलता