फरशीखालची ऊब

सदाशिव पेठ, पुणे
१२ जानेवारी

प्रिय आमोददादा,

मेसेजला तू अंगठ्याचं चित्र पाठवतोस आणि विषय मिटतो, म्हणून कागद काढला. स्टॉकहोमला कधी पोचायचा तो पोचो.

तुझी फरशी उत्तम चालली आहे, हे आधी सांगते. इमारत पाडून नवी बांधली तेव्हा बाकीचे लोक ओट्याच्या दगडावरून भांडत होते आणि तू आपल्या फ्लॅटच्या फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकून घेतल्यास. बाल्कनीत पाणी तापवणारा हीट पंप, हॉलच्या भिंतीवर थर्मोस्टॅट आणि सगळ्याचा ताबा तुझ्या मोबाइलमध्ये. अख्ख्या पेठेत असलं कोणाकडे नव्हतं, त्यामुळे शेजारी चपला काढून बघून गेले. आईचे संधिवाताचे पाय थंडीत जमिनीला टेकवत नसत, ते टेकले. पहिल्या दिवशी ती अनवाणी देवघरापर्यंत चालत गेली आणि रडली. मीही रडले. तेव्हा तुझा फार अभिमान वाटला होता.

हा गीझर नव्हे, असं तू बजावलं होतंस. मंद आचेवर अखंड चालू ठेवायचं, एकदा फरशी गार पडली की पुन्हा तापायला दुसरा दिवस उजाडतो. मला ते पाठ आहे. तरीही गेल्या हिवाळ्यापासून आठवड्यातून दोनतीनदा पंप बंद पडायला लागला. तुझ्या मोबाइलवर सूचना यायची आणि दहा मिनिटांत घरी तुझा फोन. मी तेव्हा शाळेत. संध्याकाळी मला तुझ्याकडून पंप कधी बंद झाला त्याचा आलेख यायचा, प्रत्येक वेळी दुपारचे चार. आपल्या घरात बटण बंद करणं हा कुळाचार, बाबा तर गीझरचं बटण तीनदा बघितल्याशिवाय जिना उतरत नसत. तेव्हा चारला मी शाळेत शिकवत असते हेही न बघता तू ठरवून टाकलंस की हे काम माझं. नुसतं ठरवलं नाहीस, उल्कामावशीला फोन करून सांगितलंस की स्वराली विजेपायी आईला गारठवते. मावशीने ते भिशीत सगळ्यांना वाटलं. अकरा वर्षं आईचं करते आहे, त्याचं हे प्रशस्तिपत्रक.

नोव्हेंबरात एकदा शाळा लवकर सुटली. दार उघडलं तर आई भिंत धरत पंपाच्या मुख्य बटणापाशी पोचलेली. तिने ते बंद केलं, परत खुर्चीत येऊन बसली, पदर सारखा केला, चष्मा पुसला आणि फोन मांडीवर घेतला. मी दारातच उभी होते, तिला दिसले नाही. तुझा फोन आला. ती म्हणाली, स्वरालीनंच केलं असेल रे, जाऊ दे, तू जेवलास का? चार मिनिटं बोललास. त्या चार मिनिटांसाठी तिने दुसऱ्या दिवसापर्यंत गार फरशी आणि ठणकणारे पाय पत्करले होते. आणि माझं नाव पुढे केलं होतं. मला तिचा संताप आला, तुझा त्याहून जास्त. तरी बोलले कोणालाच नाही. वाटलं, पंप चालू असतानाही तू कधीतरी फोन करशील.

तू काय केलंस? डिसेंबरात पंपाच्या कंपनीच्या चेतनला पाठवलंस. त्याने बटणावर पेटी बसवली, पेटीला कुलूप लावलं, थर्मोस्टॅटला पासवर्ड घातला आणि किल्ली घेऊन गेला. वर तुझा मेसेज, प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड. खरंच, तेव्हापासून पंप एकदाही बंद पडला नाही. महिना उलटला, तुझा एकही फोन नाही.

आई अजून रोज चार वाजता चष्मा पुसून बसते. परवा तिने माझा हात धरला आणि सगळं कबूल केलं, मला ठाऊक नाही असं समजून. म्हणाली, त्या चेतनकडून एकदाच किल्ली आणून दे, पाय दुखले तर दुखू देत. मी चेतनला विचारलं, तो म्हणतो साहेबांनी सांगितल्याशिवाय देता येणार नाही. म्हणून हे पत्र. आईला फोन कर असं मी लिहिणार नाही, ते सांगून करून घ्यायची मला लाज वाटते. तू फक्त त्याला सांग, किल्ली आमच्याकडे दे.

तुझीच,
स्वराली