अण्णांचा नट

अण्णा,

आज भाकरी थापताना तुमची आठवण झाली आणि पाठोपाठ त्याचीही. सोलापुरात तुमची नाटक कंपनी होती, तेव्हा नायिकेचं काम करणाऱ्या त्या नटाला तुम्ही भर दुपारी घरी आणलंत आणि चुलीजवळ पाटावर बसवलंत. मी चौदा वर्षांची, परातीपुढे. "हिच्याकडं नीट बघ," तुम्ही त्याला म्हणालात. "केस मागं सारताना पीठ लागू देत न्हाय. मनगटानं सारती. तसंच पायजे मला." आठवडाभर तो येत राहिला. प्रयोगात त्याने मनगटाने बट सारली, थिएटरभर टाळ्या पडल्या आणि तुम्ही विंगेत डोळे पुसलेत. माझ्याकडे बघून तुमचे डोळे कधी भरले नाहीत.

एकदा घरच्या तालमीत तो अडखळला. मी आतूनच पुढचं वाक्य म्हटलं. त्याचा सबंध पार्ट मला पाठ होता. तुम्ही आत आलात. "घरातल्या पोरींनी नाटकात तोंड घालायचं न्हाय," एवढंच बोललात आणि दार ओढून घेतलंत. बाहेर तुम्ही त्याला तेच वाक्य न रागावता पुन्हापुन्हा शिकवत होतात आणि मी दाराला कान लावून बसले होते.

पुढे बोलपट आले, कंपनी मोडली, तो अक्कलकोटला परतला. तुम्ही कोल्हापुरात बोलपटांत लहानसहान कामं करू लागलात. कधी दिवाणजी, कधी न्यायाधीश. एकात तुम्ही मुलीला सासरी धाडणारे वडील होता. नटीच्या डोक्यावर हात ठेवताना तुमचा आवाज कापला. थिएटरात माझ्या शेजारच्या बायका रडत होत्या. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी तुम्ही कंपनीच्या दौऱ्यावर निघून गेला होतात. मला त्या नटीचा राग आला.

तुमच्या तेराव्याला तो अक्कलकोटहून आला. लांब केस कापून टाकलेले. "ताई, मास्तरांनी माझी आठवण काढली का वो?"

"न्हाय," मी म्हणाले. "त्यांना शुद्धच नव्हती."

खरं म्हणजे शेवटचे तीन दिवस तुम्ही त्यालाच हाका मारत होता. माझा हात धरून, मला तोच समजून म्हणालात, "लई चांगलं केलंस. माझ्या हातून असं कधी झालं नसतं." मी म्हणाले, "व्हय, मास्तर."

ती शाबासकी त्याची होती. त्याचा पत्ता माझ्याकडे आहे. पण त्याला मी अजून ते कळवलेलं नाही.