सुपारी फुटायच्या आधी

डोंबिवली, मंगळवार संध्याकाळ

डॉक्टर म्हणाले, "तुला थॅलेसेमिया मायनर आहे," तिथेच सगळं बदललं. मला काही त्रास नाही. पण जिच्याशी लग्न ठरतंय त्या निशाचं रक्तही तसंच निघालं, तर पुढे आमच्या बाळाला जन्मभर रक्त चढवावं लागू शकतं.

आई म्हणते, "रविवारी सुपारी फुटू दे, मग सांग. आधीच कॉलेज सोडलंयस, त्यात हे!"

"फसवून लग्न करू?" मी ओरडलो. उगाच ओरडलो. पण एकदा सुपारी फुटली की तिच्या घरचे तिला नाही म्हणू देतील?

आणि आत्ताच नाही म्हणाली तर? वेडा होईन मी. तरी आधी तिची टेस्ट, मगच सुपारी. दोघांचं सारखंच निघालं तरी मला तीच हवी. मुलाचं काय करायचं ते दोघं मिळून डॉक्टरांना विचारू.

"जेवून तरी जा रे," आई म्हणतेय. नको. दार ओढून घेतो आणि निघतो निशाकडे.